बटणाचा खोकला

थोरलीच्या घरी माणसं दुखणं घेऊन यायची आणि बरी झाली की जायची. हे कधीपासून असं झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि धाकटी बहीण शाळेत. कुणीतरी एकीने घरी राहायला हवं होतं. थोरली राहिली, ती राहिलीच. वडील गेल्यावर एक काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आली. दवाखाना जवळ पडतो म्हणून थोरलीकडेच उतरली. पाऊल टाकता येऊ लागलं तशी ती मुलाकडे राहायला गेली आणि सुनेने आपल्याला पुन्हा कसं उभं केलं ते सगळ्या नात्यात सांगत सुटली. हे कानावर आलं तेव्हा थोरली दुकानात एका चष्म्याची काडी हीटरवर धरून बसली होती. ती काडी जरा जास्तच वाकली.

चष्म्याच्या दुकानात ती वीसेक वर्षं काम करत होती. पुढे गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवणाऱ्या मुली होत्या, हसऱ्या आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या. थोरली मागे, काचेच्या आडोशाला, छोट्या दिव्याखाली बसायची. ढिले झालेले स्क्रू पिळणं, नाकावरची पॅडं बदलणं, लहान मुलांनी बसून चपटे केलेले चष्मे सरळ करणं, हे तिचं काम. मालक म्हणायचा, "मागच्या बाई आहेत म्हणून पुढचं दुकान चालतं." पण हे तो फक्त मागे येऊनच म्हणायचा.

आई शेवटची पाच-सहा वर्षं दम्याने हैराण होती. धाकटीचं लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या घरात राहत होती. नवरा इमारतींना लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत, दोन मुलं, गॅलरीत झोपाळा. आईची तब्येत जरा सुधारली की धाकटी गाडी घेऊन हजर. "ताई, तिला हवापालट होईल, तुलाही मोकळा श्वास मिळेल." आणि आईला धाप लागायला लागली की गाडी पुन्हा थोरलीच्या दारात. दवाखाना जवळ, थोरलीला सगळ्या गोळ्या पाठ, शिवाय आईचाही जीव म्हणे तिथेच रमतो. आई कौतुकाने सांगायची, "थोरली माझे हातपाय आणि धाकटी माझे डोळे." ऐकणाऱ्याला दोघींची वाटणी सारखी वाटायची. पण आईचे हसरे फोटो होते ते सगळे धाकटीच्या फोनमध्ये. थोरलीच्या फोनमध्ये होते ते औषधांच्या चिठ्ठ्यांचे.

बटण हीसुद्धा धाकटीचीच देणगी. तळहातावर मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू तिने टोपीतून आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. पांढरं अंग, पाठीवर तपकिरी ठिपका, आणि डोळे असे काळे गोल की मुलांनी तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. कुत्रा नर होता, पण नावामुळे सगळे त्याला 'आलं, गेलं, झोपलं'च करायचे. आई खूश झाली. त्याला सकाळ-संध्याकाळ खाली नेणं, आंघोळ घालणं, कानातली घाण काढणं, पलंगाखालचं पुसणं हे कुणी करायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर घरातच राहत होतं. थोरली सुरुवातीला चरफडली. मग तिला त्याची सवय झाली. दुकानातून आल्यावर दार उघडायच्या आधीच आतून नखांचा टकटक आवाज यायचा. आईला तर तिच्या येण्याची चाहूल लागायचीच नाही.

आई गेली. काही दिवसांनी धाकटी आली आणि चहा घेता घेता म्हणाली की मुलांनी बटणासाठी घर डोक्यावर घेतलंय. तुला दिवसभर दुकान, ते बिचारं एकटं राहणार, त्यापेक्षा आमच्याकडे रमेल. बोलणं खोटं नव्हतं. थोरलीने त्याचं भांडं धुऊन पुसून पिशवीत भरलं, घोंगडीची घडी घातली आणि "ने" म्हणाली. धाकटीने तिला मिठी मारली. थोरलीने पिशवी मध्येच धरली होती, त्यामुळे ती मिठी अर्धी पिशवीलाच बसली.

त्यानंतर बरेच महिने गेले. मग एका रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. धाकटी उभी होती, काखेत बटण, खांद्याला तीच पिशवी. काही बोलायच्या आत बटणाने मान लांब केली आणि एखादं बदक ओरडावं तसा खोकला काढला. एकामागून एक, कोरडा, ठसक्याचा, आणि शेवटी घशात हाड अडकल्यासारखं ओकारी काढून थोडा पांढरा फेस टाकला, तो नेमका थोरलीच्या पायपुसण्यावर.

हकिगत अशी होती. धाकटीचं कुटुंब आठवडाभर समुद्रावर गेलं होतं आणि जाताना बटणाला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं होतं. जागा चांगली, रंगीत भिंती, फोनवर रोज फोटो. परत आणल्यावर तीन-चार दिवसांत खोकला सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंची दोन कुत्री आहेत, त्यांनी गेटवरच हटकलं की तुमच्या कुत्र्याचा रोग आमच्यांना लागेल. नवऱ्याची झोप मोडते, मुलांची परीक्षा. "आणि खरं सांगू का ताई, मला ते बघवत नाही. तुला सवय आहे."

थोरलीने बटणाला घेतलं. त्याच्या गळ्याला अजून चामड्याचा पट्टा होता आणि ते मान हलवेल तसतसं खोकत होतं. तिने आधी तो पट्टा काढला. धाकटी जिना उतरून गेली तेव्हा तिच्या पावलांचा आवाज भराभर खाली जात होता. ओझं उतरल्यावर माणूस चालतो तसा.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने बटणाचा घसा बाहेरून बोटांनी हलकाच दाबला, त्यासरशी ते खोकलं, तेव्हा तिने मान डोलावली. सांगितलं की खूप कुत्री एकत्र राहतात तिथे हा खोकला पसरतो, आपल्या सर्दीसारखाच. दिसतो भयंकर, पण बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत जातो. छाती स्वच्छ आहे, ताप नाही. गळ्याला पट्टा नको, छातीभोवतीचा वापरा. पळापळ नको, धूर नको, दुसऱ्या कुत्र्यांच्या जवळ अजिबात नेऊ नका, आणि खोकला थांबल्यावरही काही दिवस जपा. माणसांचं औषध देऊ नका. खाणं सोडलं, धाप लागली किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच घेऊन या. पाळणाघरात सोडण्याआधी याची लस टोचली होती का, असंही तिने विचारलं. थोरलीने तिथूनच धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणाली, "राहूनच गेलं गं, पाळणाघरवाल्यांनी विचारलं होतं, पण यांची तिथे ओळख होती." थोरलीने डॉक्टरला एवढंच सांगितलं की नाही टोचली.

मग तेच सगळं सुरू झालं, जे तिला पाठ होतं. आईची खोली बंद होती ती उघडली. पलंगाशेजारी घोंगडी अंथरली. संध्याकाळी आल्यावर ती न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा नळ सोडायची आणि वाफ दाटली की बटणाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसायची. दोघांचेही केस ओले होऊन डोक्याला चिकटायचे. मऊ शिजवलेला भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे ती बोटाने भरवायची. गोळी त्या तुकड्यात लपवायची. बटण मांस खायचं आणि गोळी सभ्यपणे जमिनीवर ठेवायचं. खाली न्यायचं ते उचलून, गल्लीत दुसरं कुत्रं नाही असं बघून. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती घरी येऊन जायची. मालकाने त्याबद्दल तोंड वाकडं केलं तेव्हा ती म्हणाली की घरी आजारी आहे. कोण, ते त्याने विचारलं नाही. थोरलीच्या घरी कुणीतरी आजारी असणं हे त्याच्याही अंगवळणी पडलेलं होतं.

जिन्यात तळमजल्यावरचे पोस्टमन भेटायचे, आता निवृत्त झालेले. ते सतरा वेळा चौकशी करायचे. त्यांना कुत्र्यांचा सोस, पण त्यांचं म्हातारं कुत्रं मागच्या वर्षी गेलं होतं, म्हणून ते बिनधास्त जवळ येऊन बटणाचं डोकं खाजवायचे. "आवाज कालच्यापेक्षा बरा आहे," असं रोज म्हणायचे. थोरलीला त्या एका वाक्याची वाट पाहायची सवय लागली. आईच्या आजारपणात असं रोज कुणी म्हणालं नव्हतं.

आणि खरंच आवाज बरा होत गेला. आधी रात्रीचा खोकला गेला, मग पाणी पितानाचा ठसका. एके दिवशी दुकानातून आल्यावर दारामागे तोच टकटक आवाज आला, आणि दार उघडल्यावर बटण तिच्याभोवती गरागरा फिरलं, दोन पायांवर उभं राहिलं आणि एकदाही खोकलं नाही. थोरली पर्स न ठेवताच जमिनीवर बसली. तिला हसू आलं. स्वतःचं हसणं कानावर पडल्यावर तिला जरा चमत्कारिकच वाटलं.

त्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मुलं विचारतायत, कसं आहे बटण?

"खोकतंय अजून," थोरली म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. बटण तेव्हा तिच्या चपलेचं टोक चावत होतं. धाकटी हळहळली, काही हवं-नको विचारलं, आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी थोरलीने जरा तपशील घातला. डॉक्टर म्हणतात दुखणं चिवट आहे. त्यापुढच्या वेळी म्हणाली, हवा बदलली की उलटतंय. आयुष्यभर दुखण्याची खरी वर्णनं करून झालेली असल्यामुळे खोटं वर्णन करायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. ती रोज बटणाला घेऊन बागेपर्यंत जाऊ लागली. त्याच्यासाठी तिने छातीभोवतीचा लाल पट्टा आणला. आईच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवून जागा मोकळी केली, म्हणजे त्याला चेंडूमागे धावता येईल. एका रविवारी ती खिडकीत बसून नुसतं त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की या घरात आजवर कुणीही बरं झाल्यावर राहिलेलं नाही. हे पहिलंच.

पण खोटं बोलायचं तर गावाला सांगून ठेवावं लागतं, ते तिने केलं नाही. एके शनिवारी धाकटी मुलांना घेऊन, फोन न करता आली. जिन्यातच पोस्टमन भेटले. मुलांनी बटणाचा खोकला कसा आहे म्हणून विचारलं, तेव्हा ते मोठ्या खुशीत म्हणाले, "खोकला? तो केव्हाच पळाला. काल तर आख्ख्या बागेला फेरी मारून आला गडी. मावशीने नवं कुत्रं करून ठेवलंय त्याला."

थोरलीने वरून हे सगळं ऐकलं. दार उघडंच होतं. बटण तिच्या हातावरून उडी मारून पळालं. जिन्यात मुलांच्या अंगावर चढलं, त्यांची तोंडं चाटली, कू कू करून जीव टाकला, आणि आनंदाच्या भरात त्याने धाकट्या मुलाच्या बुटावर मुतलंसुद्धा. थोरलीकडे त्याने वळून पाहिलं नाही. ती उंबऱ्यात उभी होती, हातात त्याची अर्धी भरलेली ताटली.

धाकटीने मुलांना बटणासोबत खाली खेळायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. ती रागावली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण ती स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ठेवायचं होतं तर मागायचंस ना, ताई. मी नाही म्हटलं असतं का?"

कणव होती त्या आवाजात. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी का मागू?" ती म्हणाली. "ते इथलंच होतं. नेलंस तू. खोकायला लागलं तेव्हा आणून टाकलंस. आईचंही तेच केलंस. हसती-बोलती आई तुझ्याकडे, आणि धापा टाकणारी माझ्याकडे. तिची शेवटची उलटी पुसली मी, आणि लोकांनी सांत्वन केलं तुझं, कारण तुला रडायला येत होतं."

 धाकटीने मान वर केली.

"मी यायला निघाले होते," ती म्हणाली. "आठवतं? आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा. बॅग भरली होती मी. तूच फोनवर म्हणालीस, तू येऊन काय करणार, तुला जमणार नाही, मी आहे. दर वेळी तेच. मी करपलेल्या दुधाचं भांडंसुद्धा तुझ्यासमोर घासलेलं नाही कधी, तू घासूच दिलं नाहीस. मला आईचं काहीच येत नव्हतं, ताई. तू येऊच दिलं नाहीस. मग मी जे येत होतं तेवढं केलं. तिला फिरवलं, हसवलं."

  त्या फोनवरचा स्वतःचा आवाज थोरलीला लख्ख आठवत होता, त्यातला तोराही. सगळे जण दुखणं तिच्या गळ्यात बांधून गेले हे खरं होतं. पण तिने गळा पुढे केला होता, आणि दुसऱ्या कुणाचा आला तर त्याला कोपराने मागेही सारलं होतं. एवढी वर्षं तिला एकच अर्धं ठाऊक होतं. आता दुसरंही कळलं, आणि त्याने जिवाला काही थंडावा मिळाला नाही. आतापर्यंत निदान राग तरी पूर्ण तिचा होता.

मुलं वर आली, तोंडं लाल, बटण मध्ये. धाकटीने डोळे पुसले आणि मुलांसमोरच म्हणाली, "बटणाला मावशीकडेच राहू दे. तिला सोबत होईल. आपण येत जाऊ भेटायला." मोठ्या मुलीने ओठ काढला. धाकट्याचे डोळे भरून आले. तिघं जिना उतरू लागली. बटण दाराशी आडवं बसलं, फटीला नाक लावून, आणि असं केविलवाणं कुंईकुंई करू लागलं की त्या खोकल्याच्या दिवसांतही त्याने तसा आवाज काढला नव्हता.

थोरलीने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्याला उचललं, दार उघडलं आणि पायऱ्या उतरून धाकटीच्या हातात दिलं.

"ने," ती म्हणाली. "दान नकोय मला."

धाकटी काही म्हणणार होती. थोरलीने बटणाचा लाल पट्टा नीट बसवला, त्यात बोट घालून घट्ट तर नाही ना ते पाहिलं, आणि वर निघून आली. लस टोचून घे, हे तिने जिन्यातून, पाठमोरीच सांगितलं.

दोघींचं बोलणं तुटलं नाही. एवढी वर्षं गाठीशी असली की बहिणींचं बोलणं तुटत नाही, नुसतं पातळ होतं. धाकटी फोनवर बटणाची चित्रफीत पाठवायची. बटण झोपाळ्यावर, बटण टोपी घालून. थोरली एक अंगठा पाठवायची. पोस्टमन जिन्यात आता जरा अंग चोरून जायचे. आपलं काहीतरी चुकलं हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं, आणि थोरलीने सांगितलं नाही. आईच्या खोलीचा पलंग तिने परत जागेवर सरकवला, मग तिथेच स्वतः झोपू लागली, कारण त्या खोलीत उजेड जास्त येतो हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटीचा फोन आला. दुकानात गर्दी होती, थोरलीच्या चिमट्यात केसाएवढा स्क्रू होता. धाकटी चाचरत म्हणाली की या वेळी डोंगरात जातोय, लस टोचली आहे, पण पाळणाघर म्हटलं की आता नको वाटतं. आठवडाभर तुझ्याकडे ठेवलं तर चालेल का? ठणठणीत आहे, खोकला-बिकला काही नाही.

थोरलीच्या तोंडात 'हो' आलं होतं. ते तिने दातांत धरलं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

धाकटीला कुणाकडूनच नकार ऐकायची सवय नव्हती, थोरलीकडून तर नाहीच. आता ती कारण विचारेल, मनधरणी करेल, म्हणेल की ताई तुझ्याशिवाय कोण आहे. थोरली फोन कानाला घट्ट धरून थांबली.

"बरं," धाकटी म्हणाली. "मग नणंदेला विचारते. ती मागेच लागली होती. तू काळजी करू नकोस." आणि तिने इकडची तिकडची दोन वाक्यं बोलून फोन ठेवला.

एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. नणंदेकडे जागा होती, नणंदेला हौस होती, आणि बटणाला माणसं मिळाली की पुरे होतं. थोरलीने चिमट्यातला स्क्रू भोकावर टेकवला. तो दोनदा निसटला. पुढून मुलीने हाक मारली, गिऱ्हाईक थांबलंय, किती वेळ लागेल? थोरली म्हणाली, होतंय, आणि दिवा जवळ ओढला.